पाण्यात सोडलेली अकरा नावं

एक कागद मी जाणूनबुजून धुतला. चुकून नाही. पाच वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. गेल्या वर्षी तिघांना सांगितलं, पण त्यांनाही पाऊणच. उरलेला पाव भाग आज पहिल्यांदा बाहेर काढतोय. तो शेवटी येईल, कारण तो लिहायला मला अजून थोडा धीर गोळा करायचाय.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘कॅनडातल्या नोकरीतले गमतीदार अनुभव’ मागितले होते. गंमत आहे, ती आधी देऊन टाकतो.

माझा धंदा कागद दुरुस्त करण्याचा. पुण्यात एका दप्तरखान्यात शिकलो आणि इकडे हॅमिल्टनला एका म्युझियममध्ये सात वर्षं केला. फाटलेल्या कागदाला मागून पातळ जपानी कागदाची पट्टी लावायची, बुरशी मऊ ब्रशनं झाडायची, चुरगळलेलं पान दमट करून वजनाखाली ठेवायचं. चिकटवायला गव्हाची खळ. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, “म्हणजे नक्की करता काय?” मी सगळं सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे खळ लावता.” इतकी नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्याच पुस्तकात मिळाली नाही.

या धंद्यात तीन नियम. हात लावण्याआधी कागदाचा फोटो काढायचा. पाणी लावण्याआधी शाईची परीक्षा घ्यायची: अक्षराच्या टोकावर एक थेंब, वर टिपकागद, डाग उमटला तर पाणी बंद. आणि जे परत काढता येणार नाही, असं काहीही करायचं नाही. माणसांशी वागतानाही हे तीन नियम पाळले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

ओळखीपाळखीतून खासगी गिऱ्हाइकंही येत. नॉर्थ यॉर्कला राहणारा एक नागपूरकर सॉफ्टवेअरवाला आजेसासऱ्यांच्या हातची जन्मपत्रिका घेऊन आला होता. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, पत्रिकेची एक कड भिजली. भिजलेला कागद फ्रीझरमध्ये ठेवून फोन करावा, एवढं माहीत असलं तरी पुष्कळ वाचतं. यानं ती ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीला ठेवली होती.

“किती वेळ?” मी विचारलं.

“वीस मिनिटं. मधे एकदा उलटवली.”

“अहो, ती बाकरवडी होती का?”

तो ओशाळून म्हणाला, “बायकोची पत्रिका आहे, काका. शनी तेवढा दिसू देऊ नका, बाकी करा काय ते.” शनी जळून गेला होताच. मंगळ मात्र काळ्याभोर शाईत ठणठणीत होता. ती शाई काजळ आणि डिंकाची. आपले जुने कागद सगळे तशाच शाईचे. ती उन्हानं उडत नाही, दोनशे वर्षांनी फिकट होत नाही. तिला एकच गोष्ट मारते, पाणी. इंग्रजी कागदांची शाई वेगळी. ती लोखंडाची, कागदात मुरते, पाण्याला फारशी भीत नाही. म्हणून इथल्या बाया-बाप्यांना कागद धुवायची सवय. चहासारखं पिवळं पाणी निघतं, कागद उजळतो. मराठी कागद तसा धुवायचा नाही, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षापासून माहीत आहे. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता म्युझियमबद्दल. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी टोरोंटोजवळच्या वॉनमधल्या एका गोदामात खोकी उचलली. तिथून मला काढलं डॉक्टरकाकांनी. काका अडुसष्ट साली आलेले, हॅमिल्टनमध्ये उभं आयुष्य हृदयरोगाचे डॉक्टर, आता निवृत्त, मराठी मंडळाचे आधारस्तंभ. माझी मुलगी झाली तेव्हा बर्फात गाडी काढून आम्हाला हॉस्पिटलात नेणारे तेच. एकदा गणपतीत माझा धंदा कळल्यावर म्हणाले, “सुधीर, अरे तू खोकी काय उचलतोस? थॉर्नबी हाउस म्युझियमला मोडी वाचणारा माणूस हवाय. आणि थॉर्नबी म्हणजे आमच्या घरचाच.”

घरचाच म्हणजे असं. काकांचे खापरपणजोबा बाळाजीपंत हे थॉर्नबीसाहेबाचे कोकणातले कारभारी. साहेब मुंबईहून ताग, खोबरं, कापूस विलायतेला धाडायचा. पैसा झाल्यावर कॅनडात आला, हॅमिल्टनला मोठी दुकानदारी केली आणि पुढे विधिमंडळात निवडून गेला. म्युझियममध्ये त्याचं आयुष्य तीन खोल्यांत मांडलेलं होतं. पहिल्या खोलीत मुंबई, म्हणजे एक पितळी हुक्का आणि हत्तीचं चित्र. दुसरीत दुकान. तिसरीत विधिमंडळातली खुर्ची आणि साहेबाचा संगमरवरी पुतळा. पुतळ्याच्या नाकाचा शेंडा उडालेला. कसा, ते कुणी सांगत नव्हतं. मला तो त्यामुळे बरा वाटायचा.

साहेबाची राजकीय पुण्याई एका गोष्टीवर उभी होती. प्रत्येक निवडणुकीत तो ती सांगायचा, तसं वर्तमानपत्रांच्या कात्रणांत आहे. कोकणातल्या बंदरातून त्याचा माल मुंबईच्या जहाजावर वेळेत पोचणं जरुरीचं होतं, ऐन पावसाळा, समुद्र खवळलेला. तेव्हा अकरा खलाशी साहेबाच्या प्रेमापोटी स्वखुशीनं निघाले आणि बुडाले. साहेब इथे डोळ्यांना रुमाल लावून लोकांना म्हणायचा, ज्याच्यासाठी काळी माणसंसुद्धा जीव देतात, त्याला तुम्ही एक मत देणार नाही? लोक द्यायचे.

दोन हजार सहा साली म्युझियमनं पहिली खोली नव्यानं करायला घेतली. हत्ती काढायचा, खऱ्या गोष्टी लावायच्या. काकांनी आणि मंडळानं पुढाकार घेतला होता. भिंतीवर एक मोठा फलक लागणार होता, ‘निष्ठावंत खलाशी’, आणि त्याखाली बाळाजीपंतांचं नाव. या शहरातल्या म्युझियमच्या भिंतीवर पहिलं मराठी नाव. काका लहान मुलासारखे खूश होते.

त्याच सुमारास साहेबाच्या वंशजांकडून एक पेटी आली. इंग्रजी पत्रांच्या गठ्ठ्यात एकच मोडी कागद, आठ घड्या घातलेला. आमची प्रमुख हेलन. साठीची, करड्या केसांची, मनानं चांगली बाई. ती माझ्या टेबलाशी आली.

“हे काय आहे?”

“वाचून सांगतो,” मी म्हटलं. “आठवडाभर द्या.”

वाचायला आठवडा लागत नाही. दुपारपर्यंत वाचून झालं होतं. बाळाजीपंतांचं पत्र होतं, साहेबाच्या मुंबईच्या पेढीला. तिथे मोडी वाचून दाखवणारा कारकून असे. मजकूर मला असा आठवतो: तांडेल नारळी पुनवेआधी मचवा लोटीत नव्हता. साहेबांचे हुकुमाप्रमाणे त्याची व खलाशांची बायकापोरे वखारीत बसविली, बाहेरून कडी घातली, तेव्हा निघाले. मचवा फिरून आला नाही. माणसे अकरा, नावे खाली लिहिली आहेत. त्यांचे घरी काय सांगावे, ते कळवावे.

खाली अकरा नावं. मागच्या बाजूला साहेबाच्या हातचा इंग्रजीत छोटासा शेरा: ‘खलाशी. उत्तर दिले.’

काय उत्तर दिलं, ते आपल्याला ठाऊक आहे. तेच तो पुढे तीस वर्षं सभांमधून सांगत होता.

रविवारी मी काकांकडे गेलो. काकू देवळात गेल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी त्यांना पत्राचा मजकूर तोंडी सांगितला. काका चहा ढवळत राहिले. साखर ते घेत नाहीत.

“तू नीट वाचलंस?”

“हो.”

“कडी घातली, असंच लिहिलंय?”

“बाहेरून कडी घातली, असं.”

काकांनी चमचा बशीत ठेवला. मग त्यांनी विचारलं, “तुझ्याशिवाय हे इथे कुणी वाचू शकतं?”

“नाही.”

“बरं,” काका म्हणाले. आणि उठून माझ्यासाठी डब्यातून चिवडा काढला.

एवढंच. काकांनी मला काही कर म्हणून सांगितलं नाही. ते मी आजही कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. पण तो चिवडा मी खाल्ला.

मंगळवारी म्युझियम बंद असतं. हेलन टोरोंटोला मीटिंगला गेली होती. बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं, दुपारचे दोन वाजले असतील. फॉर्मवर मी लिहिलं: शाईची परीक्षा घेतली, शाई टिकाऊ. घेतली नव्हती. फोटोच्या चौकटीत लिहिलं: कॅमेऱ्याची बॅटरी उतरली, नंतर काढू. बॅटरी भरलेली होती. मग ट्रेमध्ये कोमट पाणी घेतलं आणि कागद सोडला.

काजळ एकदम जात नाही. आधी अक्षरं नुसती सैल होतात, जागेवरच राहतात, जणू विचारतायत, खरंच का? मग मी मऊ ब्रश फिरवला. तेव्हा निघाली. पाणी राखेसारखं झालं. ते मी बेसिनमध्ये ओतलं, दुसरं घेतलं, पुन्हा ब्रश फिरवला. कागद पांढरा झाला आणि मागून साहेबाचे शब्द आरपार दिसायला लागले. त्याची शाई लोखंडाची. ते एक अक्षरही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हेलनला सांगितलं, भयंकर चूक झाली. तिनं मला खुर्चीत बसवलं, स्वतः कॉफी आणली. आमच्या धंद्यात एक इंग्रजी शब्दप्रयोग आहे, त्याचा अर्थ ‘मालाचाच अंगभूत दोष’. अहवालात तिनं तोच लिहिला. म्हणजे माझा दोष नाही, शाईचा. “काय लिहिलं होतं?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “घरगुती. तब्येतपाणी, पाऊसपाणी.” तिनं कोरा कागद फेकला नाही. पेटीत परत ठेवला. नियम.

एक गोष्ट मला त्या हिवाळ्यात, ड्राइव्हवेवर बर्फ शोव्हल करताना सुचली आणि मग गेली नाही. साहेबानं तो कागद का जपला होता? मुंबईहून इथपर्यंत, समुद्रातून, घर बदलत, निवडणुका जिंकत? फाडून टाकता आला असता. मला वाटतं, त्यालाही तेवढा धीर झाला नाही. जे साहेबाच्यानं झालं नाही, ते मी एका दुपारी, पगारी वेळेत करून टाकलं.

फलक लागला. उद्घाटनाला मंडळाची दीडशे माणसं होती. काकांनी भाषण केलं. माझाही सत्कार झाला, शाल आणि ग्रोसरीच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड. पुढे पाच वर्षं मी वॉशरूमला जाताना त्या फलकावरून जात होतो. दुसरा रस्ता नव्हता.

आणि मग दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात मावशी आल्या.

अलिबागच्या दक्षिणेकडच्या. लेक इथे नर्स, तिच्याकडे सहा महिने आलेल्या. कोळीण. हिरवं लुगडं, वर जावयाचं जाकीट, पायांत बूट. लेक फलक वाचून मराठीत सांगत होती आणि मी शेजारच्या कपाटाची काच पुसत होतो. मराठी ऐकून वळलो नाही, हे माझं तोवरचं शहाणपण.

मावशींनी विचारलं, “कंचा महिना लिवलाय?”

“ऑगस्टची सुरुवात, आई. कंसात लिहिलंय, पावसाळी पौर्णिमेच्या नऊ दिवस आधी.” ते साहेबाच्याच भाषणातून घेतलेलं होतं. नाट्य वाढवायला तो सांगायचा.

मावशी हसल्या. मोठ्यानं नाही. “खोटाय.”

“म्युझियम आहे आई, खोटं कसं लिहितील?”

“अगं, पुनवेच्या आधी दर्यान कोन जाईल? नारल दिल्याबिगर? आमच्यातला पोर पन होडीला हात नाय लावनार. पिरमापोटी गेले म्हनं. माझा घोव माझ्या पिरमापोटी नाय गेला कधी.” मग त्या माझ्याकडे वळल्या. कपड्यांवरून मी तिथला आहे, हे कळत होतंच, आणि नाक-डोळ्यांवरून उरलेलंही. “काय हो भाऊ, तुम्ही हितलेच ना? यांना कुनीतरी घातलंय पान्यात. नावं काय होती त्यांची?”

मी म्हटलं, “माहीत नाही, मावशी.”

“लिवून ठेवली नाय कुनी?”

“नाही.”

त्या फलकासमोर उभ्या राहिल्या, बूट काढले आणि जमिनीला हात लावून नमस्कार केला. साहेबाला नाही, पुतळा तिसऱ्या खोलीत होता. गार्डनं येऊन बूट घाला म्हणून सांगितलं. त्यांनी घातले. बस. दहा मिनिटांची गोष्ट.

एका अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईनं कागदाशिवाय जे वाचलं, ते मी कागद हातात असताना पुसलं. त्या आठवड्यात मी काकांकडे गेलो.

“काका, तो कागद मी मुद्दाम धुतला.”

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माझ्यासाठी केलंस, असं म्हणायला आला असशील तर जा.”

“नाही. नोकरीसाठी केलं. तुमच्यासाठी केलं, असं मीच पाच वर्षं स्वतःला सांगत होतो, कारण ते ऐकायला बरं वाटायचं.”

“मग आता काय पाहिजे?”

“मी हेलनला सांगणार आहे. बाळाजीपंतांचं नाव तिथे राहू दे. पण काय केलं, ते लिहून.”

“आपल्या माणसाचं एक नाव लागलं होतं या देशात,” काका म्हणाले, “तेही तुला बघवत नाही?”

“काका, ते अकराही आपलेच होते.”

काका उठून आतल्या खोलीत गेले. काकूंनी मला दारापर्यंत सोडलं आणि नेहमीसारखं ‘ये रे’ म्हणाल्या नाहीत. तेव्हापासून मंडळाची आमंत्रणं बंद आहेत. दिवाळीला चार घरचा फराळ यायचा, आता आमचाच आम्ही खातो. बायको म्हणते, वजन तरी उतरेल.

हेलननं सगळं ऐकून घेतलं. ती रडली. माझ्यासाठी नाही, कागदासाठी. मग विचारलं, “सिद्ध करू शकतोस?” कागद युनिव्हर्सिटीत नेऊन खास दिव्याखाली धरला. वरचा ‘श्री’ दिसला, बाकी राखाडी ढग. मी काम चोख केलं होतं. माझी नोकरी गेली, ते योग्यच झालं. त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. कमिटीनं लिहून कळवलं की एका माणसाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, आणि ज्यानं एकदा खोटं लिहिलं, त्याच्या आठवणीवर फलक बदलता येणार नाही. साहेबानं तीस वर्षं खोटं सांगितलं, त्याची आठवण मात्र भिंतीवर सोनेरी अक्षरांत आहे. हा हिशोब मला मान्य नाही. होणारही नाही.

म्हणून मी आता दर शनिवारी तिकीट काढून आत जातो. सकाळी अकराची टूर असते. गाइड ‘निष्ठावंत खलाशी’ म्हणतो, तेव्हा मी मागून हात वर करतो आणि सांगतो: त्यांची बायकापोरं वखारीत कोंडली होती. मग मला येतात ती चार नावं घेतो. रामा तांडेल. त्याचा जावई पोशा. गोमा लंगडा. धाकटा हरी. मला न येण्याची विनंती करणारी दोन पत्रं आली आहेत. विनंती आहे, बंदी नाही. मी जातो. गाइड बदलतात, मी बदलत नाही. एकदा शाळेची मुलं होती. शिक्षिका त्यांना पुढे ढकलत होती, तेवढ्यात एक मुलगी इंग्रजीत म्हणाली, “चारच? गाइड तर अकरा म्हणाला.”

तर आता तो पाव भाग.

हेलनला आणि काकांना मी सांगितलं की सगळी नावं वाचली होती, पाच वर्षांत विसरलो. बायकोलाही तेच सांगितलं. ते खरं नाही. त्या दुपारी मी बाळाजीपंत शोधत होतो. काकांना काय सांगायचं, माझ्या नोकरीचं काय होणार, हे शोधत होतो. मजकूर तीनदा वाचला. खालची यादी आली तेव्हा पहिली चार नावं वाचली आणि पुढे ‘यादी आहे’ म्हणून नुसती नजर फिरवली. विसरायला मला ती आधी कळलेलीच नव्हती. कागद धुतला, तो मंगळवारी. उरलेली सात माणसं मी त्याच्या आधीच्याच आठवड्यात बुडवली होती, कोरड्या टेबलावर.

काका, तुम्ही हा अंक दरवर्षी घेता, मला माहीत आहे. तुम्हाला न विचारता लिहिलं. तुमचे उपकार मी विसरलेलो नाही आणि तरीही लिहिलं.

मावशी पुढच्याच महिन्यात परत गेल्या. त्यांच्या लेकीचा पत्ता मी मिळवला, तिच्यामार्फत ती चार नावं लिहून पाठवली आणि मी खोटं बोललो, हेही. उत्तर आलं नाही. यायला हवं, असंही नाही.

मी सात नावं देणं लागतो.